तीळ तपासायचा कसा : पाच खुणा की 'कुरूप पिल्लू'?

कातडीचा कर्करोग वेळेत ओळखावा म्हणून घरच्या घरी कातडी तपासायच्या दोन रीती डॉक्टर सांगतात. एक पाच खुणांची: तिळाच्या दोन बाजू जुळतात का, कडा कशी, रंग किती, रुंदी ६ मिलिमीटरच्या वर आहे का, आणि तो बदलतोय का. पहिल्या चार खुणा न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मांडल्या, 'बदल' नंतर आला. दुसरी रीत 'कुरूप पिल्ला'ची. खुणा मोजत बसायचं नाही, बाकीच्यांत न शोभणारा तेवढा हुडकायचा.

पाच खुणा शिस्तीच्या आहेत, नाकारत नाही. गोऱ्या कातडीवर जास्त लागू पडत असाव्यात. माझ्या पाठीवर लावल्या आणि वैताग आला. वय झालं की पाठीवर ज्या तपकिरी, मेणचट, वरून चिकटवल्यासारख्या चामखिळी येतात ना, त्या प्रत्येक खुणेत नापास! कडा वेडीवाकडी, रंग दोन-तीन, रुंदी मापाबाहेर, शिवाय हळूहळू वाढतातही. आंघोळ झाली की बायको पट्टी घेऊन मागे उभी, आणि मग दिवसभर घरात सुतक. शेवटी डिचोलीच्या डॉक्टरांनी दिव्याच्या भिंगातून पाहिलं, "वयाच्या आहेत" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या रीतीत हा जाच नाही. चामखिळी सगळ्या एका घरच्या, नजर त्यांच्यावर अडत नाही. पण चकाकती कडा असलेली, मधे पुन्हापुन्हा खपली धरणारी काळी गाठ लगेच खुपते. आपल्या सावळ्या कातडीवर बेसल सेल कार्सिनोमा हा कातडीचा कर्करोग बरेचदा असाच काळा असतो, नि तीळ समजून राहून जातो. भाजल्याच्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम झाली तर ती स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या कातडीच्या दुसऱ्या कर्करोगाची असू शकते. तिच्याकडे पाच खुणा बघतच नाहीत, त्या मेलानोमापुरत्या, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगापुरत्या.

मेलानोमासुद्धा सावळ्या माणसाला झालाच, तर बरेचदा तळव्यावर, तळहातावर, नखाखाली. गोव्यात हणजूणच्या बाजारात टी-शर्टांवर दिसणारा जमैकाचा गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला, तो पायाच्या नखाखालून सुरू झालेल्या मेलानोमानेच. शेतात अनवाणी वावरणाऱ्यांनी पाय धुताना तळवाही उलटून बघावा.

अंगावर तीळच एखादा असेल तर तुलना कुणाशी करणार? तिथे पाच खुणाच बऱ्या. त्यातली 'बदल' मीही ठेवली आहे, तिळाशेजारी रुपया धरून फोटो काढतो. नखांचं मात्र दुसऱ्या रीतीनेच. बऱ्याच नखांवर काळपट रेघा असल्या तर सहसा काळजी नसते. एकाच नखावरची रुंदावत बाजूच्या कातडीवर उतरू लागली, तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचा विभागात दाखवून यावं.