डिक्कीत काय ठेवावं: तयार किट की आपण जमवलेली पिशवी?

माझ्या साळ्याने दिवाळीत गाडी घेतली. तो घाटंजीला राहतो आणि त्याची बायको आडवळणाच्या एका गावी शाळेत शिकवते. गाडी जास्त तीच चालवणार. परवा त्याचा फोन आला, "भाऊजी, ते इमर्जन्सी किट मागवू का, की तुमच्यासारखं एकेक जमवू?" मी दोन्ही वापरलं आहे. आधी तयार बॅग घेतली होती, नंतर तिच्यातली एकेक वस्तू बदलत गेलो. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण आपल्या विदर्भात हा प्रश्न पुष्कळांना पडतो.

पहिला प्रश्न गाडी कुठे बंद पडणार, हा आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावर, म्हणजे हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा या पट्ट्यात, महामार्गाच्या मदत क्रमांकावर, १०३३ वर, फोन लावता येतो, ढाबा जवळ असतो, पंक्चरचं दुकानही सापडतं. तुमचं येणं-जाणं एवढंच असेल तर तयार किट पुरेसं आहे, डोकं लावू नका. पण महामार्ग सोडून पंधरा किलोमीटर आत शिरलात की मदतीला येतो तो ट्रॅक्टरवाला, नाहीतर मोटारसायकलवरचा एखादा पोरगा. त्यांच्या हाती देता येईल असं सामान आपल्याकडे हवं. तयार बॅग भरणाऱ्याने हा रस्ता पाहिलेला नसतो.

त्या बॅगेत बहुधा त्रिकोण, जंपर केबल, ओढायचा पट्टा, टॉर्च, हातमोजे, रेनकोट आणि प्रथमोपचाराची डबी एवढं असतं. त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी नव्या गाडीसोबत कंपनीच देते, म्हणजे त्यांचे पैसे दोनदा जातात. तिचा फायदा एकच पण खरा आहे: सगळं एका दिवसात घरात येतं. स्वतः जमवायला ऑटो पार्ट्सचं दुकान, हार्डवेअर आणि मेडिकल अशा तीन ठिकाणी फिरावं लागतं, आणि "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणत पावसाळा येऊन ठेपतो.

आता टायर. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडे गाडी थांबते ती मुख्यतः टायरनेच. मागच्या श्रावणात टिपेश्वरच्या बाजूने येताना समोरून ट्रॉली आली म्हणून मी गाडी खाली उतरवली आणि बाभळीचा काटा घुसला. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. जॅक लावला आणि फिरवायला लागलो. जॅक उघडत होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती. वाकून पाहिलं तर जॅकचा पाय वीतभर काळ्या मातीत गेलेला. शेजारच्या वावरातल्या कास्तकाराने बंडीची एक तुटकी फळी आणून दिली. ती खाली टाकली तेव्हा गाडी उचलली गेली. एक फूट लांब-रुंद, दीड इंच जाडीची फळी मी एकाही तयार किटमध्ये पाहिली नाही. सुताराकडे ती कापून मिळते.

पंक्चर किट आणि स्टेपनी यांत निवडायचं झालं तर मी दोन्ही ठेवा म्हणेन. ट्यूबलेस टायरच्या तळव्यात काटा किंवा खिळा शिरला असेल तर सुई आणि रबरी पट्टीचं किट दहा मिनिटांत काम करतं. टायर बाजूने फाटला तर मात्र ते किट काही कामाचं नाही, तिथे स्टेपनीच लागते. ऑक्टोबर २०२० पासून नियमाने मुभा आहे: ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालतं. त्यामुळे गाडी घेताना, विशेषतः सीएनजीची असेल तर, डिक्की उघडून स्वतः पाहा. टायरमध्ये फेस सोडून पंक्चर बुजवणाऱ्या स्प्रे बाटलीवर मी भरवसा ठेवत नाही. दाबाने भरलेली ती बाटली उन्हात तापलेल्या बंद गाडीत ठेवणं मला पटत नाही.

हवा भरायला बारा व्होल्टचा पंप आरामाचा, पण तो गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि स्वस्तातला पंप लवकर तापतो. पायाचा पंप घाम काढतो, पण बॅटरी मेलेली असली तरी चालतो. साळ्याच्या बायकोसाठी मी बारा व्होल्टचा सांगितला, माझ्याकडे पायाचा आहे. पाना मात्र क्रॉसचाच घ्या. पंक्चरवाल्याने मशीनने आवळलेले नट कंपनीच्या छोट्या पान्याने हलत नाहीत. आणि नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करायचे, जॅक नंतर.

बॅटरीसाठी जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची तार, की जंप स्टार्टर, म्हणजे गाडी सुरू करून देणारी छोटी चार्जिंगची बॅटरी? तयार बॅगेतली केबल मी एकदा सोलून पाहिली. वर प्लास्टिक जाड, आत तार बारीक. वेगळी घ्यायची तर तांब्याची, हाताला जड लागणारी घ्या. आपल्या भागात केबलचा मोठा उपयोग म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी साधारणपणे बारा व्होल्टची असते, तिच्यावरून गाडी सुरू करता येते. वणीकडे कोळशाचे ट्रक भेटतात, त्यांना मात्र केबल लावू नका. बहुतेक मोठ्या ट्रकांना चोवीस व्होल्ट असतात. आधी लाल चिमटा मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. हा क्रम एका कागदावर लिहून केबललाच बांधून ठेवा.

जंप स्टार्टरचा गुण असा की दुसऱ्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. बाई माणूस एकटी गाडी चालवत असेल तर मी तोच सांगेन, महाग असला तरी. पण त्यात लिथियम बॅटरी असते आणि चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून शाळेत पोहोचलं की तो पर्समधून आत न्यायचा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करायचा. ही सवय लागणार नसेल तर केबलच बरी.

ओढायच्या पट्ट्यावर तीन टन, पाच टन छापलेलं असतं, पण आधी त्याचे हूक पाहा. ट्रॅक्टरवाल्याकडे साखळी किंवा वायर रोप असतो, तो चालतो, पण झटका द्यायचा नाही, सावकाश ताण घ्यायचा. मधोमध ओलं पोतं टाकलं की तुटला तरी दोर उसळत नाही. आणि बघ्यांना दोराच्या रेषेतून लांब उभं करा. गाडीसोबत एक स्क्रूचा हूक मिळतो, तो बंपरच्या झाकणामागे बसवायचा असतो. अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायचे. घरीच एकदा बसवून पाहा, चिखलात शिकायची गोष्ट नाही ती.

प्रथमोपचाराच्या डबीत पट्ट्या आणि मलम निघतं. आपल्याकडे लू आणि साप यांचा विचार आधी करावा लागतो. ओआरएसची पाकिटं ठेवा आणि पाकिटावर एक लिटर की २०० मिलिलिटर, ते वाचून तेवढ्याच पाण्यात घाला. पाच लिटरचा पाण्याचा कॅन उन्हाळ्यात कायम गाडीत असू द्या, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. इंजिन तापलं म्हणून रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, वाफ तोंडावर येते. सापासाठी दोन रुंद पट्ट्या आणि हात-पाय स्थिर ठेवायला एक काठी. करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही, १०८ ला फोन करून थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं. मेळघाटात किंवा भामरागडकडे जाणाऱ्यांनी वाटेतल्या रुग्णालयांची नावं कागदावर लिहून ठेवावीत, तिथे रेंजचा भरवसा नसतो.

काच फोडायची हातोडी बहुतेक तयार बॅगांत मिळते आणि ती चांगली वस्तू आहे, फक्त ती डिक्कीत नाही, ड्रायव्हरच्या हाताशी हवी. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची, समोरची काच तशी फुटत नाही. पण रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबा, कितीही उशीर होवो.

रात्री बंद पडलेल्या गाडीमागे दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. गाडी निघून जाते, दगड तसेच राहतात आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. म्हणून त्रिकोण वापरा, पन्नास-साठ पावलं मागे ठेवा, आणि चमकणारं जॅकेट अंगात घाला. जॅकेट बॅगेत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात शंभर-दीडशेला मिळतं.

साळ्याने शेवटी तयार बॅग घेतली नाही. त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी कंपनीची होतीच. क्रॉस पाना, पंक्चर किट, पंप, जंप स्टार्टर त्याने यवतमाळहून आणले. फळी मी कापून ठेवली आहे, रविवारी घेऊन जातो, आणि वहिनींना एकदा अंगणात चाक बदलायला लावणार आहे.