पिवळ्या झाकणाची ट्यूब आणि ‘डीएनए’ची थाप

समाजभवनात रविवारी मोफत शिबिर लागतं. साखर आणि बीपी खरंच फुकटात होतं. मग टेबलामागचा मुलगा म्हणतो, “काकाजी, थोडे पैसे भरून कॅन्सरचं पॅकेजही करून घ्या ना. डीएनए टेस्ट आहे, लक्षणं यायच्या आधीच कळते.” नागपुरात अशा पॅकेजच्या नादी लागण्याआधी रक्त कोणत्या ट्यूबमध्ये घेतात ते बघा.

रक्तातले कॅन्सरच्या गाठीच्या डीएनएचे तुकडे शोधायचे तर पेशी फुटू न देणारं द्रव्य असलेली खास ट्यूब वापरतात, किंवा रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या ट्यूबमधून काही तासांतच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा काढावा लागतो. शिबिरात पिवळ्या झाकणाची जेल ट्यूब दिसली तर समजा: तिच्यात रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी स्वतःचाच डीएनए त्यात सोडतात आणि शोधायचा तुकडा त्या गर्दीत हरवतो. त्या 4-5 मिलीत होतात ते साधे ट्यूमर मार्कर, म्हणजे काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारे पदार्थ: सीईए, एएफपी, सीए 19-9, पुरुषांना पीएसए, बायकांना सीए 125.

मार्कर खोटे नाहीत. निदान झालेल्या रुग्णाला उपचार लागू पडतोय का, आजार उलटला का, हे बघायला ते कामाचे. धडधाकट माणसात मात्र ते घोळ घालतात. सीए 125 पाळीत, गर्भारपणात, एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) 35 या मर्यादेच्या वर जातो. सीईए विडी-सिगारेटने वाढतो, पीएसए प्रोस्टेटच्या जंतुसंसर्गाने, सीए 19-9 पित्ताचा खडा अडकून कावीळ झाली की. उलट काहींच्या शरीरात सीए 19-9 बनतच नाही. त्यांना कॅन्सर असला तरी आकडा नॉर्मलच.

आता हिशेब करा. 100 निरोगी माणसांपैकी 5 जण बाहेर पडतील अशी प्रत्येक मार्करची मर्यादा धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या चार मार्करांत साधारण 18-19 जणांच्या रिपोर्टवर एखादा तरी ठळक आकडा येणार. मग फोन येतो, “थोडं वाढलेलं दिसतंय, पेट स्कॅन करून घ्या.” हा कॅन्सर शोधायचा शरीरभराचा स्कॅन, आणि तो कोणत्या सेंटरमध्ये करायचा तेही पॅकेजवालेच सुचवतात. आकडा थोडाच वर असेल तर आधी आपल्या डॉक्टरला दाखवा. पुष्कळदा काही आठवड्यांनी तीच तपासणी परत केली की उलगडा होतो.

याहून वाईट म्हणजे नॉर्मल रिपोर्ट. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारा तो खिशात घालून निर्धास्त होतो. तोंडाचा कॅन्सर या पॅकेजात पकडला जात नाही. दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, तोंडात तीन बोटं उभी न मावणं, हे उजेडात बघूनच कळतं. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी तिशीपुढच्यांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे; मेडिकलमध्येही, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, दाखवता येतं.

पैसे गेलेच असतील तर रिपोर्टवर एमडी पॅथॉलॉजिस्टची सही आहे का बघा. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. पावतीबरोबर शिबिराचं पत्रक आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही जपा. ‘डीएनए’ हा शब्द बहुधा तिथेच असतो, पावतीवर नुसतं ‘प्रोफाइल’ लिहिलेलं असतं.