जिवंत उंदीर की गोठवलेला : बॉल पायथनच्या आहाराविषयी

अमेरिकेतील मिनियापोलिसमधील आमच्या घरी २०१९ पासून एक नर बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या एका लहान जातीचा साप, आहे. पहिली दोन वर्षे तो जिवंत उंदरांवर वाढला आणि २०२१ पासून तो गोठवलेले उंदीर खातो. दोन्ही पद्धती मी एकाच सापावर, एकाच घरात आणि इथल्या लांबलचक हिवाळ्यात अनुभवल्या असल्यामुळे, नव्याने साप आणणाऱ्या ओळखीच्यांना जे सांगतो ते येथे सविस्तर लिहीत आहे. एका सापाच्या अनुभवावरून सर्व सापांविषयी बोलता येत नाही, याची मला जाणीव आहे आणि वाचकांनीही ती ठेवावी.

भारतातील वाचकांसाठी एक खुलासा आधीच करतो. धामण असो वा अजगर, भारतातील कोणताही देशी साप घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, त्यामुळे त्यांच्या आहाराचा प्रश्न येथे उद्भवतच नाही. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येत असल्याने भारतात ज्यांच्याकडे तो आहे त्यांना २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. शब्दांबद्दलही थोडे सांगायला हवे. इंग्रजीत माऊस आणि रॅट हे दोन वेगळे प्राणी असले, तरी आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो. पुढे आमच्या सापाच्या संदर्भात मी उंदीर म्हणेन तेव्हा तो रॅट समजावा, कारण वाढलेला बॉल पायथन बहुधा त्यावरच असतो.

जिवंत उंदराविरुद्ध नेहमी दिले जाणारे कारण म्हणजे चावा. हे कारण खरे आहे. भूक नसलेला साप स्वतःचा बचावही करत नाही, आणि रात्रभर त्याच्याबरोबर कोंडलेला उपाशी उंदीर त्याची पाठ अक्षरशः कुरतडून मणक्यापर्यंत पोहोचू शकतो. मात्र माणूस समोर बसून असेल आणि पंधरा-वीस मिनिटांत साप खात नाही असे पाहून उंदीर बाहेर काढत असेल, तर हा धोका बराच कमी होतो, असे मला दोन वर्षांच्या अनुभवावरून वाटते. आमच्या सापाला एकदाच इजा झाली. त्याने उंदराला मानेऐवजी मागच्या बाजूने पकडले, उंदराने वळून त्याच्या खालच्या ओठाला चावा घेतला, आणि ती जखम दोनदा कात टाकल्यानंतर दिसेनाशी झाली.

भक्ष्याला होणाऱ्या वेदनांबद्दलही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. विळख्यात प्राणी गुदमरून मरतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अमेरिकेतील डिकिन्सन कॉलेजचे स्कॉट बोबॅक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र वेगळे दिसले : बोआ जातीच्या सापाने विळखा घातल्यावर काही सेकंदांतच उंदराचा रक्तदाब कोसळतो आणि रक्ताभिसरण थांबू लागते. म्हणजे पकड नीट बसली, तर मृत्यू लवकर येतो. पकड नीट बसली नाही तर काय होते, ते मी वर सांगितलेल्या प्रसंगात ऐकले आहे, आणि उंदराचा तो आवाज आजही माझ्या कानांत आहे.

तरीही माझा निर्णय या दोन्ही कारणांनी झाला नाही. तो झाला, साप ज्या दिवशी खात नाही त्या दिवसामुळे.

बॉल पायथन उपवासासाठी प्रसिद्ध आहे, हे तो पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्या उपवासाचा जिवंत भक्ष्याशी काय संबंध येतो, याचा विचार मी तरी आधी केला नव्हता. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या सापाने खाणे थांबवले आणि फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत त्याने तोंड उघडले नाही. त्याच्या प्रकृतीची काळजी नव्हती, वजन जवळजवळ स्थिर होते. प्रश्न उंदरांचा होता. दर दोन आठवड्यांनी मी पस्तीस मिनिटे गाडी चालवून दुकानात जात असे. जानेवारीत बाहेर उणे वीस अंश असताना, पुठ्ठ्याच्या खोक्यातला साठ-सत्तर ग्रॅमचा उंदीर थंडीने गारठू नये म्हणून गाडी आधी तापवून, खोका जॅकेटच्या आत धरून मी तो घरी आणत असे. संध्याकाळी साप त्याच्याकडे पाहतही नसे. दुकान विकलेला प्राणी परत घेत नाही, आणि त्यात दुकानाची काही चूक आहे असेही मला वाटत नाही. मग त्या उंदराचे काय करायचे?

पहिल्याला मी माशांच्या जुन्या काचेच्या टाकीत लाकडाचा भुसा टाकून ठेवले, दाणे आणि पाण्याची बाटली दिली, आणि पुढच्या वेळी हाच द्यायचा असे ठरवले. पण नुकताच आईपासून सुटा झालेला उंदीर दिवसाला पाच-सहा ग्रॅमने सहज वाढतो. दोन आठवड्यांनी तो आमच्या सापासाठी फार मोठा झाला होता, त्यामुळे दुसरा आणावा लागला, आणि सापाने तोही खाल्ला नाही. दोघांना एकत्र ठेवावे, तर ते नर-मादी निघाल्यास तीन आठवड्यांत टाकीत पिल्ले दिसणार. वेगळे ठेवावे, तर उंदीर हा कळपाने राहणारा प्राणी, तो एकटा झुरतो. फेब्रुवारीत तळघरात तीन टाक्या झाल्या होत्या, रोज रात्री दात घासल्याचा आवाज येत होता, भुशाचा वास वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत होता, आणि मी एका सापासाठी तीन उंदीर पाळत होतो. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती रोज संध्याकाळी सर्वांत मोठ्या उंदराला मटाराचे दाणे भरवायला तळघरात जात असे, आणि एके दिवशी तिने मला विचारले, ‘बाबा, आता हा मोठा झाला, म्हणजे याला नाही ना देणार?’ मी ‘नाही’ म्हणालो. उरलेल्या दोघांबद्दल तिने विचारले नाही, आणि मलाही त्यावर काही बोलता आले नाही.

तो मोठा उंदीर आणि त्याला सोबत म्हणून ठेवलेला दुसरा, असे दोघे आमच्याकडे दोन वर्षांहून अधिक काळ राहिले. तिसरा मार्चच्या पहिल्या आठवड्यात सापाने खाल्ला. तो मी दिलेला शेवटचा जिवंत उंदीर.

गोठवलेल्या उंदराचा त्रास नाही असे मात्र मुळीच नाही. जिवंत उंदरांवर वाढलेला बॉल पायथन मेलेल्या उंदराला भक्ष्य मानेलच याची खात्री नसते. कॉर्न स्नेक पाळणारे माझे एक परिचित सांगतात, की त्यांच्या सापाने पहिल्याच दिवशी निमूटपणे गोठवलेला उंदीर घेतला. आमच्या सापाला सात आठवडे लागले. त्याच्या ओठांवरील खाचा उष्णता टिपतात, त्यामुळे उंदीर नुसता मऊ होऊन चालत नाही, तो अंगाने गरमही असावा लागतो. मी पिशवीतला उंदीर आधी दीड-दोन तास थंड पाण्यात ठेवतो आणि आतून कुठेही कडक लागत नाही अशी खात्री झाल्यावर दहा मिनिटे गरम पाण्यात बुडवतो. मग पुसून, हेअर ड्रायरने डोक्याची बाजू ३८ ते ४० अंश सेल्सियसपर्यंत आणून लांब चिमट्याने त्याच्यासमोर धरतो. मायक्रोवेव्ह कधीही वापरू नये, कारण त्यात उंदीर एका जागी शिजतो आणि दुसऱ्या जागी बर्फच राहतो. पहिले तीन प्रयत्न वाया गेले. चौथ्या वेळी, खोलीतला दिवा मालवून, चिमटा त्याच्या लपण्याच्या जागेच्या तोंडाशी हलकेच हलवल्यावर त्याने झेप घेतली आणि मेलेल्या उंदराला पूर्ण विळखा घालून तो बराच वेळ तसाच राहिला.

दुसरी अडचण स्वच्छतेची. गोठवल्याने अनेक परजीवी मरतात, पण साल्मोनेला मरत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने गोठवलेल्या उंदरांशी जोडलेल्या साथीत १८ राज्यांतील ३७ जणांना लागण झाल्याची नोंद केली होती, आणि ब्रिटनमध्ये २०१५ पासून अशाच उंदरांमुळे शेकडो लोक आजारी पडले. त्यामुळे असे उंदीर स्वयंपाकघरापासून दूर ठेवा, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला वाचण्याआधीच, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईने तो तिच्या शब्दांत दिला होता : ज्या फ्रीजरमध्ये ओला नारळ ठेवते, त्यात उंदीर आला तर ती त्या घरात जेवणार नाही. मी तळघरात छोटा वेगळा फ्रीजर घेतला, त्यासाठी वेगळी बादली, वेगळा चिमटा आणि वेगळा टॉवेल ठेवला. ज्यांच्या घरात वेगळ्या फ्रीजरला खरोखरच जागा नाही, त्यांनी ही गोष्ट हलकी समजू नये. जिवंत उंदीरही या बाबतीत निर्धोक नसतात; २०१७ मध्ये अमेरिकेत पाळीव उंदरांकडून माणसांना सोल विषाणूची लागण झाली होती. हात धुण्याची शिस्त दोन्हीकडे सारखीच पाळावी लागते.

जिवंत भक्ष्य कुठे योग्य ठरते, हेही सांगणे न्याय्य होईल. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले एखादे पिल्लू दुसरे काहीच घेत नाही, आणि जंगलातून पकडून आणलेला प्रौढ साप कधीकधी महिनोन्‌महिने हट्ट सोडत नाही. अशा वेळी तत्त्वाला चिकटून सापाला खंगू देणे मला पटणार नाही. फार काळ गोठवलेल्या उंदरातली काही जीवनसत्त्वे कमी होत जातात, हा आक्षेपही खरा आहे. मी त्यासाठी सहा महिन्यांहून जुना साठा वापरत नाही. पैशांचा फरक माझ्या बाबतीत तरी स्पष्ट होता : दुकानात जिवंत उंदरामागे मी सात डॉलरपर्यंत देत असे, तर घाऊक मागवलेला गोठवलेला उंदीर साधारण निम्म्या किमतीत पडतो, आणि प्रवास वाचतो तो वेगळाच.

ज्यांनी अजून साप घेतलेला नाही, त्यांना माझी एकच विनंती आहे. पैदास करणाऱ्याला आधी विचारावे, की हे पिल्लू सध्या काय खाते आणि गोठवलेल्या उंदरावर त्याने किती वेळा सलग जेवण घेतले आहे. शक्य असेल तर त्याला समोर खाताना पाहावे. हा प्रश्न मी २०१९ मध्ये विचारला असता, तर बदलाचे ते सात आठवडे आणि तळघरातल्या त्या तीन टाक्या बहुधा लागल्या नसत्या. ज्यांचा साप आधीच जिवंत उंदरांवर आहे, त्यांनी घाई करू नये. दोन जेवणांत दहा ते चौदा दिवसांचे अंतर ठेवावे, दर आठवड्याला वजन लिहून ठेवावे आणि ते दहा टक्क्यांनी उतरू लागले, तर हट्ट सोडून सापांच्या डॉक्टरांना दाखवावे.

यंदाही आमच्या सापाने नोव्हेंबरच्या मध्यापासून काही खाल्लेले नाही. काल रात्री गरम केलेला उंदीर तासभर त्याच्यासमोर ठेवून मी उचलला, पिशवीत बांधून बाहेरच्या कचऱ्यात टाकला, सापाचे वजन केले तर ते गेल्या महिन्यापेक्षा फक्त अठरा ग्रॅमने कमी भरले, आणि फ्रीजरमध्ये अजून नऊ शिल्लक आहेत.