वॉलपेपर काढायचं ‘केमिकल’: आमच्या ऐरोलीच्या घरात काय झालं

गेल्या वर्षी आम्ही ऐरोलीत रीसेलचा फ्लॅट घेतला. आधीच्या मालकांनी हॉलच्या दोन आणि बेडरूमच्या एका भिंतीला वॉलपेपर लावला होता. पावसाळ्यात बाथरूमलगतची कड फुगली आणि सासूबाईंना कुबट वासाने खोकला लागला, तेव्हा गणपतीच्या आत हे काढायचंच असं ठरवलं.

मोबाईलवरच्या जाहिरातीतून एक ठेकेदार सापडला. भिंतीवर नख मारून म्हणाला, “मॅडम, हा इंपोर्टेड गोंद आहे. साध्या पाण्याने प्लास्टर उखडेल. आमचं केमिकल लागेल, बाराशे रुपये कॅन.” सोलण्याची मजुरी चौरस फुटाला 22 रुपये. पुट्टी आणि रंगाचे 11,000 वेगळे. मी 9,000 जीपे केले. लेखी काही घेतलं नाही, ही माझी पहिली चूक.

दोन पोरं आली. बिनलेबलचे चार पांढरे कॅन. फवारलं की लगेच पत्र्याने ओरबाडायचं, पाच मिनिटंही थांबायचं नाही. कागदाबरोबर पुट्टीचे तळहाताएवढे पोपडे खाली येत होते. मी विचारलं तर उत्तर ठरलेलं: “आतली भिंतच कच्ची आहे.” बाथरूमकडच्या भिंतीवर काळी बुरशी दिसली. ती ओल कुठून येते हे न बघता त्यावरही पुट्टी फिरवली. दोन दिवसांत रंग लावून मोकळे.

बिलात 430 चौरस फूट. कपाटामागची भिंत, जिथे कधी कागद नव्हताच, तीही धरलेली. मी नंतर टेप घेऊन मोजलं: 14 बाय 9, 10 बाय 9, 11 बाय 9, मिळून 315. म्हणजे 115 फुटांचे 2,530 रुपये जास्त. पण तेव्हा घरात पाहुणे होते, गणपती चार दिवसांवर होते, मी 25,260 पूर्ण दिले.

दिवाळीच्या आधीच हॉलच्या रंगाला जाळीसारख्या भेगा पडल्या आणि खपल्या सुटू लागल्या. ठेकेदाराचा फोन बंद. मग मैत्रिणीने तिच्याकडचे रंगारी काका पाठवले. त्यांनी एक खपली काढली, खालची जागा ओल्या बोटाने चोळली आणि बोट मला दाखवलं. बुळबुळीत. “ताई, खळ धुतलीच नाही. खळीवर रंग टिकत नाही.” एका कॅनमध्ये थोडं उरलेलं होतं. त्यांनी वास घेतला, हातावर फेस केला. भांडी घासायचा साबण आणि पाणी.

बेडरूमची वरची एक पट्टी त्या पोरांनी तशीच रंगवून टाकली होती. ती काकांनी माझ्यासमोर काढली. विनाइल वॉलपेपरचा वरचा थर प्लास्टिकचा असतो, त्यातून पाणी आत जात नाही, म्हणून तो आधी कोरडाच कोपऱ्यातून धरून हळूहळू ओढला. मागे राहिलेला कागद कोमट पाण्याच्या स्पंजने भिजवला आणि चक्क पंधरा मिनिटं चहा घेतला. मग पत्रा आडवा धरून, जोर न लावता, कागद लांब पट्ट्यांनी निघाला. पुट्टीला ओरखडा नाही. त्यानंतर पाणी बदलून दोनदा भिंत पुसली, बोट बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. बोर्डाजवळ पाणी लावण्याआधी त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला होता. हे सगळं बघताना मला फार वाईट वाटलं, कारण यात लागला तो फक्त वेळ.

म्हणून कळकळीने सांगते. कोणी ‘केमिकल’ म्हणालं तर कॅनवरचं लेबल मागा. अख्ख्या घराचा सौदा करण्याआधी वहीच्या पानाएवढा तुकडा तुमच्यासमोर काढून दाखवायला सांगा. मोजमाप स्वतः करा, लिहून घ्या, आणि रंगाआधी ओलं बोट भिंतीवर फिरवा. बुरशी दिसली तर आधी गळती शोधा. आमच्याकडे बाथरूमच्या टाइल्सचे सांधे उघडे निघाले, ते भरल्यावरच भिंत सुकली.

मी ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून जीपेची नोंद, बिलाचा फोटो आणि तो कॅन मी जपून ठेवलाय. हॉलच्या भिंती काका पुन्हा खरवडतायत. काल एक झाली.