जॅकेटिंग की मायक्रोपाइल?

मुंबईत 30 वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. अहवाल आला की दुरुस्ती कोणती करायची यावरून सोसायटीत वाद ठरलेला.

सळ्या गंजून फुगल्यात, कॉलमवरचा काँक्रीटचा थर सुटलाय, पण इमारत जागची हललेली नाही? मग जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचं आवरण, पुरे. मात्र ते प्लिंथपाशी (जोत्यापाशी) थांबवू नका. फूटिंगपर्यंत, म्हणजे कॉलमच्या जमिनीखालच्या पायापर्यंत, खोदून नव्या सळ्या तिथे अँकर करून घ्या. (कंत्राटदार नेमकं हेच खोदकाम टाळतात.)

भिंतीत पायऱ्यापायऱ्यांची तिरपी भेग रुंदावतेय, दारं अडकतायत, तर दुखणं बहुधा खालच्या मातीत. खाडीकाठच्या भरावावर मी मायक्रोपाइलच, म्हणजे जमिनीत खोल ड्रिल करून घातलेले बारीक खांब, निवडेन. व्यास 300 मिमीपेक्षा कमी, छोटी रिग (ड्रिलिंगचं यंत्र) तळमजल्याच्या स्टिल्ट पार्किंगमध्येही मावते, भार थेट घट्ट थरावर जातो. महाग आहे, खरं. म्हणून आधी भेगेवर काचपट्टी चिकटवा. तडकली तर इमारत अजून खचतेय.