हिरव्या पॅरामेशियमचा अंतःसहजीवन संच: नळी उत्तम, पुस्तिका कच्ची

अंतःसहजीवन म्हणजे एका जीवाने दुसऱ्याच्या पेशीत राहणं. ते दाखवणाऱ्या या संचात सहा गोष्टी येतात: पॅरामेशियम बर्सारिया या एकपेशीय जीवाच्या जिवंत कल्चरची नळी, मुक्तजीवी, म्हणजे स्वतंत्र जगणाऱ्या क्लोरेला या हिरव्या शैवालाची दुसरी नळी, गव्हाचे दाणे, मिथाइल सेल्युलोज, जेनस ग्रीन बी हे रंजक आणि पुस्तिका. पहिली नळी इतकी चांगली आहे की तिच्यासाठी बाकी खोक्याला माफ करता येतं. पुस्तिकेला नाही.

नळी हातात आली की आधी झाकण सैल करा. नळी हलवू नका, उन्हात ठेवू नका. 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमानाला, मऊ उजेडात दिवसभर राहू द्या, मगच स्लाइड करा. कल्चर वाढवायला बाटलीबंद मिनरल पाणी घ्या. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन मात्र उडत नाही. शिवाय तांब्याच्या पाइपमधून आलेला तांब्याचा अंश या जीवांना सोसत नाही. गव्हाबाबत पुस्तिका हात सैल सोडते, थेट तीन-चार दाणे टाकायला सांगते. पॅरामेशियम गहू खात नाही, गव्हावर वाढणारे जीवाणू खातो. दाणे जास्त झाले की जीवाणू बेसुमार वाढतात, पाणी दुधाळ होतं, प्राणवायू संपतो आणि वास येईपर्यंत सगळं मेलेलं असतं. 25-30 मिलिलिटर पाण्याला उकळून घेतलेला एकच दाणा पुरतो. दर तीन-चार आठवड्यांनी अर्धं कल्चर नव्या पाण्यात घाला.

आता सूक्ष्मदर्शक. स्लाइडवर मिथाइल सेल्युलोजचं पातळ कडं काढा आणि मधोमध कल्चरचा थेंब सोडा, म्हणजे जीव सुसाट पळत नाहीत. 100 पटीला हिरवी, चपलेच्या तळव्यासारखी पेशी दिसते. ती नेहमीच्या पॅरामेशियम कॉडेटमपेक्षा आखूड आणि रुंद असते. 400 पटीला तो हिरवा रंग सुटा होतो आणि पेशीच्या कडेलगत दाटीने बसलेले शेकडो मणी दिसतात. इथे थांबू नका. कव्हरस्लिपच्या कडेला गाळणकागदाचा तुकडा टेकवून पाणी हळूहळू ओढा. पेशी चपटी होते, फुगते आणि फुटते, आणि मणी बाहेर सांडतात. त्यातल्या एकावर फोकस करा: हिरवा रंग सगळीकडे नाही, तो कडेच्या वाटीसारख्या भागात आहे आणि उरलेला मणी जवळजवळ रंगहीन. ती वाटी म्हणजे हरितलवक. मणी म्हणजे स्वतःचं केंद्रक आणि तंतुकणिका असलेलं अख्खं शैवाल.

नेमकी इथेच पुस्तिका घसरते. तिच्या मते हा मणी म्हणजे ‘घडत असलेलं हरितलवक’. अंतःसहजीवन सिद्धांतानुसार हरितलवक आणि तंतुकणिका कधीकाळी पेशीत शिरलेल्या जीवाणूंपासून आल्या. हरितलवकाचा पूर्वज सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू), म्हणजे आदिकेंद्रकी, खरं केंद्रक नसलेला जीव. हे शैवाल दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रक असलेलं आहे. प्रयोगशाळेत सायक्लोहेक्झिमाइड देऊन ते पॅरामेशियममधून काढतात ते याच बळावर, कारण हे औषध दृश्यकेंद्रकी पेशीचे 80एस रायबोसोम (प्रथिनं बनवणारे कण) अडवतं आणि हरितलवकाच्या, जीवाणूंसारख्या 70एस रायबोसोमला हात लावत नाही. (औषध विषारी आहे, घरी किंवा शाळेत वापरू नका.) दुसरं म्हणजे, शैवाल बाहेर काढून योग्य माध्यमात वाढवता येतं. अंगक (हरितलवकासारखा पेशीचा भाग) तसं वाढत नाही, कारण त्याची बहुतेक जनुकं केंद्रकाकडे गेलेली किंवा गमावलेली असतात. माणसाच्या तंतुकणिकेच्या डीएनएत 16,569 बेसजोड्या आणि 37 जनुकं उरली आहेत. त्यांतून फक्त 13 प्रथिनं बनतात, बाकीची केंद्रकाच्या हुकुमाने बाहेरून येतात.

मग नळीत दिसतं ते काय? एक देवघेव. शैवाल माल्टोज आणि प्राणवायू देतं, पॅरामेशियम नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड पुरवतो, आणि प्रत्येक मणी पॅरामेशियमच्या पटलाच्या वेगळ्या पिशवीत राहतो. युग्लीनाच्या पूर्वजाने हिरवं शैवाल गिळून हरितलवक मिळवलं, त्या वाटेची ही सुरुवात म्हणता येईल. खरा मधला टप्पा हवा असेल तर पुस्तिकेत पॉलिनेला क्रोमॅटोफोरा ही अमीबासारखी एकपेशीय जीवजात हवी होती: तिच्यात सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी धरलेला सायनोबॅक्टेरिया, जीनोम (सगळा डीएनए) कमी होत होत 10 लाख बेसजोड्यांच्या आसपास आलेला. 2024 साली ब्रारुडोस्फेरा बिगेलोवाय या शैवालातल्या नायट्रोजन स्थिर करणाऱ्या अंगकाचं वर्णन झालं, त्याचाही उल्लेख नाही. या सिद्धांताचा इतिहासही थेट जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिसच्या 1967च्या लेखापासून सुरू होतो, जणू 1905 साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्कीने हरितलवकांबद्दल काही लिहिलंच नव्हतं.

उजेडाचा प्रयोग मात्र न चुकता जमतो. पेट्री डिश काळ्या कागदाने झाका, एक फट ठेवा, अर्ध्या तासाने उघडा. हिरवे जीव फटीखाली गोळा झालेले असतात.

शैवालरहित पांढरे जीव मिळवणं जिकिरीचं आहे. पुस्तिका आठवडाभर अंधारात ठेवायला सांगते, तेवढ्याने रंग फक्त फिका पडतो. अंधारात ठेवा आणि खायलाही घालत राहा, म्हणजे पॅरामेशियम विभागत राहतो आणि शैवाल मागे पडतं. याला काही आठवडे लागतात. एका पेशीतही दोन-चार मणी उरले तर उजेडात आणल्यावर कल्चर पुन्हा हिरवं होतं. म्हणून 400 पटीला तपासून एकच पांढरी पेशी बारीक पिपेटने उचला आणि खोलगट स्लाइडवर वेगळी वाढवा.

पुन्हा शैवाल घालताना दुसऱ्या नळीच्या नादी लागू नका. मुक्तजीवी क्लोरेला बहुतेक वेळा पचून जाते. हिरवे पॅरामेशियम फोडून मिळालेलं शैवाल वापरा. ते आधी अन्नरिक्तिकेत (अन्न पचवणाऱ्या पिशवीत) जातं, तिथे बरंचसं पिवळं-तपकिरी होऊन संपतं, पण साधारण अर्ध्या तासाने काही हिरवे मणी रिक्तिकेतून एकेक करून सुटताना दिसतात.

जेनस ग्रीन बी कांद्याच्या पापुद्र्यावर चालतं. तंतुकणिका निळसर-हिरव्या होतात, पण 400 पटीला ठिपक्यांपलीकडे काही कळत नाही, 1000 पटीचं तेलाचं भिंग लागतं. हा रंग श्वसनाची विकरं दाखवतो, जीवाणूशी असलेलं नातं नाही. पहिली नळी सुटी मिळत असेल तर तेवढीच घ्या.