बदकाची पिपाणी घेताना: एक रीड की दोन?

भाचा मेम्फिसला नोकरीला असतो. यंदा चतुर्थीला फोंड्याला आला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात येऊन त्याने टेबलावर तीन नळ्या मांडल्या, बदकाचा आवाज काढून बदकांना जवळ बोलावायच्या पिपाण्या. "मामा, तू चाळीस वर्षं हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करतोस. यांतली कुठली ठेवू आणि कुठल्या परत करू, तेवढं सांग." त्याच्या ऑफिसातली मंडळी दर हिवाळ्यात शेजारच्या आर्कान्सामध्ये बदकांच्या शिकारीला जातात. या वेळी त्यालाही बोलावलंय आणि प्रत्येकाने त्याला वेगळाच सल्ला दिलाय.

आधी इथलं सांगून टाकतो. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. तेव्हा असली पिपाणी घेऊन कुणी करमळीच्या तळ्यावर किंवा कुडचड्याच्या नंदा तळ्यावर "जरा वाजवून बघतो" म्हणत जाऊ नये. थंडीत लांबून उडत आलेली पाखरं तिथे दमून बसलेली असतात, त्यांना उगाच उठवू नये. पुढचं सगळं तिकडे राहणाऱ्या, तिकडचा परवाना काढणाऱ्या आपल्या पोरांसाठी.

मी तिन्ही नळ्या उघडल्या. आत फारसं काही नसतं. बाहेरची पोकळ नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा एक तुकडा. त्या तुकड्याला खाच पाडलेली असते, खाचेवर प्लास्टिकची पातळ पट्टी आणि पट्टी जागेवर धरून ठेवायला बुचाची पाचर. ही पट्टी म्हणजेच रीड. पेटीतला पितळी सूर आपल्या फटीतून वरखाली होतो, काठाला शिवत नाही. म्हणून भाता जोरात मारला तर आवाज वाढतो, सूर फारसा हलत नाही. इथे मात्र पट्टी खालच्या फळीवर आपटते. फुंकर बदलली की सूरही बदलतो. पेटीची सवय असलेल्या माणसाला हे आधी विचित्र वाटतं. मला वाटलं.

आता मुख्य प्रश्न. 'डबल रीड' म्हटलं की आपल्याला सनई आठवते, दोन पत्त्या समोरासमोर थरथरतात तशी. इथे तसं काही नाही. दोन पट्ट्या एकीवर एक ठेवलेल्या असतात आणि दोन्ही त्याच फळीवर आपटतात. त्या एकमेकींवर घासल्या की आवाजात आपोआप खरखर येते. बदकाच्या मादीच्या आवाजात हीच खरखर असते, आणि मॅलार्ड जातीच्या बदकांत मोठ्याने 'क्वॅक' करते ती मादीच. हिरव्या डोक्याचा नर नुसताच घोगरा, दबलेला आवाज काढतो. म्हणजे दोन पट्ट्यांच्या नळीत अर्धं काम कारागिराने आधीच करून ठेवलेलं असतं. फुंकर थोडी कमीजास्त झाली तरी निघतो तो आवाज बदकाचाच वाटतो.

एका पट्टीच्या नळीत ती खरखर तुम्हाला स्वतःच्या घशातून, पोटातून आणावी लागते. भाच्याने पहिल्यांदा फुंकली तेव्हा शेजारच्या परसातल्या कोंबड्या गप्प झाल्या. जे निघालं ते बदक नव्हतं, बिजागरीला तेल नसलेलं दार होतं. पण तिची झेपही मोठी आहे. लांबच्या थव्याला साद घालायची तर ती वर चढते, आणि पक्षी डोक्यावर आल्यावर कुजबुजल्यासारखी खालीही येते. दोन पट्ट्यांची नळी वरच्या टोकाला लवकर थकते, कितीही फुंका, एका हद्दीपुढे आवाज जात नाही. तिची दुसरी खोड म्हणजे थुंकी. दोन पट्ट्यांच्या मधे ओल बसली की त्या चिकटतात आणि ऐन वेळी नुसती हवा सुटते. म्हणूनच त्यांच्यात बहुधा एका पट्टीवर बारीक उंचवटा दाबलेला असतो.

माझं मत विचाराल तर पहिल्या हिवाळ्याला दोन पट्ट्या. एक पट्टी त्यानंतर, आणि तीही रोज गाडी चालवताना पंधरा मिनिटं सराव करणार असाल तरच. आर्कान्सातल्या स्टटगार्ट गावात 1936 पासून बदकाचा आवाज काढण्याची जागतिक स्पर्धा भरते. तिथलं ऐकून लोक भारावतात आणि थेट स्पर्धेची नळी घेतात. ते म्हणजे पहिला अलंकार घोटायच्या आधी तान मारायला बसण्यासारखं झालं.

लाकूड, ॲक्रिलिक की साधं साच्यातलं पॉलिकार्बोनेट, यावर त्याचे मित्र तासन्तास वाद घालतात. मला त्यात फार दम दिसत नाही, पण फरक आहेच. ॲक्रिलिकचा आवाज टोकदार, लांब जाणारा. मोठ्या उघड्या तलावावर, वाऱ्यात, त्याला पर्याय नाही. लाकडाचा गोल आणि मऊ, पाण्यात उभ्या असलेल्या झाडांच्या जंगलात तो शोभतो, कारण तिथे पक्षी जवळ असतात आणि कडक आवाज खोडांवर आपटून अंगावर येतो. भाचा जाणार तो असल्याच जंगलात. तरीही मी लाकूड घेऊ नको म्हणालो. पावसाळ्यात गोव्यातल्या पेट्यांचं काय होतं ते मी दरवर्षी बघतो. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, ऑगस्टमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नळीच्या लाकडात तर तुम्ही थेट तोंडाची वाफ सोडता. कोकोबोलोसारखं तेलकट, जड लाकूड बरंच टिकतं, पण त्याची निगा राखावी लागते, आणि हा मुलगा स्वतःचे बूटसुद्धा पुसत नाही. पॉलिकार्बोनेटची वीस-तीस डॉलरला मिळते, चांगली ॲक्रिलिक शंभराच्या पुढे जाते. चिखलात पडून हरवण्याची पहिल्या वर्षीची शक्यता धरली तर हिशेब सरळ आहे.

कुणी आजोबांची जुनी काळी नळी देऊ केली तर मात्र नाही म्हणू नका. इलिनॉयच्या पीकिन गावातल्या ओल्टने 1904 पासून कडक रबराच्या नळ्या बनवल्या, त्यातली 'डी-टू' अजूनही लोकांच्या गळ्यात दिसते. टेनेसीच्या रीलफूट तळ्याकडच्या जुन्या नळ्यांत तर चक्क धातूची पट्टी असते. तशी एखादी हातात आली तर मी दुकान बंद करून बसेन. पेटीचा पितळी सूर टोकाला खरवडला की चढतो, बुडाला खरवडला की उतरतो, तसं तिच्या पट्टीवर करून बघायला. नवशिक्याने मात्र त्या वाटेला जाऊ नये.

यापेक्षा स्वस्त एक गोष्ट आहे जिच्याकडे कुणी बघत नाही, ती म्हणजे शिट्टी. तलवार बदक, विजन, छोटी टील यांचे नर क्वॅक करतच नाहीत, शीळ घालतात. करमळीला संध्याकाळी अडई बदकांचा थवा डोक्यावरून गेला की जे ऐकू येतं ते आठवा. शिट्टीत चिकटायला पट्टी नाही, शिकायला फार काही नाही, आणि बाकी सगळे क्वॅक क्वॅक करत असताना ती वेगळी ऐकू येते. भाच्याला मी सांगितलं, दोन पट्ट्यांची एक आणि ही एक, बास.

"मोबाइलवर आवाज लावला तर?" असं त्याने विचारलंच. बदकांसाठी रेकॉर्ड केलेला किंवा विजेवर वाढवलेला आवाज तिकडच्या कायद्याने चालत नाही. फुंकायलाच हवं.

फुंकताना गाल फुगवायचे नाहीत, पोटातून हवा सोडायची, जोरात खोकल्यासारखी. चरणाऱ्या बदकांची बडबड काढायला तिकडे 'टिका टिका टिका' म्हणत फुंकायला शिकवतात. भाच्याला ते जमेना. लहानपणी दोन वर्षं तबल्याच्या क्लासला गेलेला आहे तो. म्हटलं, 'तिरकिट तिरकिट' म्हण, पण जिभेने, हवा न तोडता. तिसऱ्या फेरीला बदक आलं.

एक चूक माझी. दोन पट्ट्यांची नळी उघडली तेव्हा वरची कुठली, खालची कुठली आणि बुचापासून पट्टी किती बाहेर होती, याची खूण केली नाही. परत बसवली तर आवाज मांजराचा. अर्धा तास गेला जुळवण्यात. उघडण्याआधी पेन्सिलीने बारीक रेघ मारा आणि फोटो काढा. बूच झिजतं, तेव्हा जादा पट्ट्यांबरोबर एखादी जादा पाचरही घेऊन ठेवा.

लाकडी आणि ॲक्रिलिक दोन्ही परत गेल्या. जाताना तो दोन पट्ट्यांची नळी गळ्यात अडकवूनच दाबोळीला निघाला होता. त्याच्या आईने ती काढून बॅगेत टाकायला लावली.